ओंकारनं वाचून दाखवलेली पत्रं

गेल्या श्रावणात शेजारच्या रुक्मिणीबाई आमच्या दारात पेढे घेऊन आल्या. त्यांच्या ओंकारची चित्रकला स्पर्धेसाठी निवड झाली होती, तसं शाळेचं पत्र आलं होतं. मी पेढा खाल्ला, पोराचं तोंडभरून कौतुक केलं आणि दार लावून घेतलं. पत्र बघू तरी, असं म्हणायला माझं काय जात होतं?

इथे गुजरातेत, लिंबायतमध्ये, आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. रुक्मिणीबाई जालन्याकडच्या, मंठ्याच्या. नवरा गणपत कापड विणायच्या लूमवर कामाला. वीस वर्षं त्या खडखडाटात काढून गणपतभाऊंचे कान गेलेत, त्यामुळे त्यांच्या घरात 'जेवायला बसा' हेसुद्धा भांडण पेटल्यासारखं ऐकू यायचं. बाई घरी बसून साड्यांचे धागे कापतात. चौथी शिकलेल्या, मराठी अडखळत का होईना वाचतात, सही तर फारच सुबक. गुजराती फाडफाड बोलतात, पण त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही. मला येतं.

ओंकार आठवीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या पाचात असायचा. जवळपास पुढचे मराठी वर्ग नव्हते, म्हणून नववीला गुजराती शाळेत घातला. तिथं तो वाचायला उभा राहिला की वर्ग हसायचा. त्याच शाळेतल्या माझ्या पुतणीनं मला हे सांगितलं होतं. होईल सवय, म्हणून मी कानाआड केलं.

शाळेची पत्रं गुजरातीत येतात. अर्ध्या आयांना ती वाचता येत नाहीत, हे शाळेला चांगलं ठाऊक आहे. त्यावर आमच्या वस्तीची ठरलेली रीत अशी, की पोरानं पत्र वाचून दाखवायचं, आईनं खाली सही करायची, सहीचा तुकडा फाडून शाळेत द्यायचा आणि वरचा कागद घरी ठेवायचा. ज्याच्याबद्दल तक्रार, त्यालाच ती वाचायला द्यायची! एवढ्या वर्षांत यात काही चुकतंय असं आमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही.

जानेवारीत उत्तरायणाची सुट्टी संपून शाळा उघडली. त्या सकाळी ओंकारनं दप्तरातून गावठी कट्टा काढला आणि त्याच्याच दहावीच्या वर्गाच्या दारातून गोळी झाडली. ज्या मुलावर त्याचा राग होता तो खाली वाकला. त्याच्या मागे अमृता उभी होती. ती जागच्या जागी गेली. पंधरा वर्षांची पोर, तिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

चौथ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी माझ्यापुढे एक प्लास्टिकची फाइल ठेवली. ओंकारच्या बक्षिसांची फाइल.

"छायाताई, शाळेनं लिवलेली चार पत्रं हायेत यात. त्यातलं चांगलं चांगलं वकिलाला दावू."

मी पहिलं पत्र वाचलं. ओंकारनं ब्लेडनं एका मुलाचं दप्तर फाडलं, असं त्यात होतं.

"हे पांढऱ्या बुटांचं न्हाई का? खेळाच्या तासाला लागतात म्हनला व्हता."

बूट त्यांनी आणूनही दिले होते. दुसरं पत्र पेढ्यांचं. त्यात लिहिलं होतं की मुलानं वहीभर बंदुका काढून समोर वर्गातल्या मुलांची नावं लिहिली आहेत, पालकांनी तातडीनं भेटावं. तिसऱ्यात अकरा दिवस गैरहजर. घरी त्यानं शाळेचं छत दुरुस्त करतायत असं सांगितलं होतं. मी थांबले.

"वाचा," बाई म्हणाल्या. "त्यानं एकदा वाचून दावलंय. आता खरं काय ते ऐकू द्या."

चौथं डिसेंबरचं. मुलगा 'एकाला तरी संपवीन' असं बोलतो, त्याला डॉक्टरांना दाखवा. या पत्रावर ओंकारनं आईला सांगितलं होतं, की हजेरी चांगली असलेल्यांच्या पालकांनी मीटिंगला यायची गरज नाही. आई खूश होऊन सही करून मोकळी झाली होती, आणि सही मिळाल्यावर शाळाही मोकळी झाली.

"मपल्या लेकराला मी मपले डोळे समजत व्हते," एवढंच त्या बोलल्या. मग कितीतरी वेळ रडल्या.

वकिलानं स्पष्ट सांगितलं. ओंकारला सोळा वर्षं पूर्ण झालेली. बाल न्याय मंडळाला तो समजून-उमजून वागणारा वाटला, तर मोठ्या माणसासारखा खटला चालेल. "तेव्हा म्हणा, पत्रांतलं सगळं मला माहीत होतं, मीच लक्ष दिलं नाही. त्यानं चार वेळा खोटं वाचलं हे कळलं, तर पोरगा पक्का ठरेल."

मला वाटलं, बाई तसंच म्हणतील. आईच ती.

बाल न्याय मंडळापुढे मी दुभाषी म्हणून त्यांच्याशेजारी उभी होते. बाई म्हणाल्या होत्या, तिथं गुजराती सुचायचं न्हाई. ओंकार समोर, मान खाली. मंडळाच्या न्यायाधीश मॅडमनी विचारलं, पत्रांच्या सह्या तुमच्याच का?

"माझ्याच. पन पत्रात काय हाय ते मला ठावं नव्हतं. ह्यानं खोटं वाचलं. मी खरं धरलं. भाईर त्या पोरीची माय बसलीय, मी तिच्यासमोरून आत आले. आनखी खोटं मी बोलनार न्हाई."

मी ते गुजरातीत सांगितलं. ओंकारनं मान वर केली. गोळी झाडल्यापासून पहिल्यांदा तो आईशी बोलला, मराठीत.

"मम्मी, मी एकपण कागद फाडला नाही. दर वेळी तुझ्याच हातात दिला. वाटायचं, तू छायामावशीला दाखवशील."

तो खरं सांगत होता, की हेही चार पत्रांसारखंच होतं? मला कळलं नाही, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायची आता सोयही उरलेली नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणाला तो?"

मी शब्दन् शब्द सांगितला, माझ्या नावासकट.

"ही छायामावशी कोण?" त्यांनी विचारलं.