धर्माजी औटीचा बास

धर्माजी औटीने दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतल्याचे मी कधी पाहिले नाही. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याने सारी नोकरी केली. उसाची गाडी घेऊन आलेला माणूस तिथे त्याच्यापुढे हात जोडून उभा राही. ते हात काट्याला जोडलेले असत. धर्माजीला मात्र ते आपल्या अकलेला जोडलेले वाटत. नोकरी संपली तरी ही समजूत उतरली नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने नारायणगावात, खोडद रस्त्याला, माझ्या घराला लागून बंगला बांधला. ते साल १९९८. खांब किती जाड हवेत हे त्याने इंजिनिअरला सांगितले, माल कसा कालवायचा हे गवंड्याला सांगितले, आणि वायरमनला तर हाकलूनच दिले. कुशाबा वायरमनचा गुन्हा एवढाच, की अर्थिंगसाठी अंगणात खोल खड्डा घ्यावा लागेल, त्यात मीठ-कोळसा भरून पट्टी पुरावी लागेल, असे तो म्हणाला. अंगणात नवी फरशी बसली होती.

"खड्डा कशापायी?" धर्माजी म्हणाला. "बोअरचा एवढा लोखंडी पाइप जमिनीत गेलाय. त्यो काय आभाळात गेलाय व्हय?"

आणि साऱ्या घराची अर्थिंगची वायर त्याने स्वतःच्या हाताने पाण्याच्या पाइपला गुंडाळली. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला चहाआधी ती वायर दाखवली जाई.

काही महिन्यांतच त्याच्या बायकोला, लंकाबाईला, नळाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. फ्रिजच्या दांडीलाही तसेच. बोअरची मोटर चालू असली की जास्त. तिने नवऱ्याला सांगितले.

"वय झालं तुझं," तो म्हणाला. "रक्त पातळ झालं की हाताला मुंग्या येत्यात."

लंकाबाई मग नळाला फडके गुंडाळून तो उघडू लागली. रबरी चपला घालून भांडी घासू लागली. स्वयंपाकघरात चपला म्हणून धर्माजीने महाभारत केले, तेव्हा ती चपला सोडून लाकडी पाटावर उभी राहू लागली. स्वतःच्या घरात एक बाई पाटावर उभी राहून भांडी घासते आणि नवऱ्याला त्यात काही विचारण्यासारखे दिसत नाही, हे मी कुंपणाच्या भिंतीवरून वर्षानुवर्षे पाहिले. मी त्याला दोनदा बोलले. "बाई, तुमी शिकलेल्या," तो हसून म्हणाला, "पण लाइटीतलं तुमाला काय कळतंय?"

२००४ च्या दिवाळीत त्याने पुण्याहून होम थिएटर आणले. स्पीकरचे पाच लहान डबे आणि खर्जाचा एक मोठा, सबवूफर. त्याला धर्माजी 'बास' म्हणे. बास हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी, कोपऱ्यात बसला. त्याच्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. संध्याकाळी आळीतले सगळे ऐकायला बोलावले गेले. मीही गेले. धर्माजीने बटण दाबले, आणि गाणे सुरू होण्याआधीच बासमधून एक जाड, सलग घुमणे निघाले. गाणे लागले तरी ते खाली चालूच राहिले.

समोरचे सावळेराम कान पुढे करून म्हणाले, "धर्माजीभाऊ, आत भुंगा कोंडलाय का काय?"

सगळे हसले. बायकोच्या पाच-सहा वर्षांच्या झिणझिण्यांनी जे झाले नव्हते, ते त्या हसण्याने झाले. दुसऱ्या दिवसापासून धर्माजी औटी विजेच्या शोधाला लागला.

प्रथम त्याने बासखाली गोधडी घातली. मग तो कोपऱ्यातून काढून खिडकीत ठेवला. मग लंकाबाईने ओल्या फडक्याने पुसला म्हणून तिच्यावर ओरडून झाले. मग भाजी चिरायच्या सुरीने त्याची पाठ उघडली, आत पाहिले, "चायनाचा माल!" असे निदान केले आणि पाठ बंद केली. एक स्क्रू उरला, तो फुलदाणीत टाकला. शेवटी इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला. बास घुमत असेल तर घराचे अर्थिंग तपासा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मी वाचून दाखवले.

"ते फॉरेनच्या घरांसाठी हाये," तो म्हणाला आणि पुस्तक घेऊन गेला.

त्याच सुमारास त्यांची मुलगी अलका, मंचरला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लंकाबाई माझ्याकडे येऊन बसली. "बाई, मला बसतोय तो बसतोय. पण पोर पोटुशी. उद्या तान्हं बाळ त्याच नळाखाली धुवायचं. ती यायच्या आत ह्या घरातला करंट निघाला पायजे." यापलीकडे तिला काही नको होते.

ती तिचे म्हणणे घेऊन थांबली. बासचे म्हणणे ऐकायला मात्र बाजारपेठेतून मेकॅनिक आला. सोमनाथ त्याचे नाव. सतत घाईत. धर्माजीने मला मुद्दाम बोलावून घेतले. इंग्रजी पुस्तक खोटे पडताना मी पाहावे, असा त्याचा बेत असावा.

सोमनाथने टीव्हीकडून बासला येणारी बारीक वायर काढली. घुमणे थांबले. "बास बरा हाये," तो म्हणाला. वायर परत जोडून त्याने टीव्हीमागची केबलवाल्याची वायर उपटली. पुन्हा शांतता. ती जोडली, पुन्हा घूंऽऽ. मग त्याने विचारले, "मोटर कुठाय? चालू करा बरं."

लंकाबाईने मोटर चालू केली. बासचा आवाज दुप्पट झाला.

"काका, मोटरीतून पाइपात करंट उतरतोय," सोमनाथ म्हणाला. "घराचं अर्थिंग पाइपाला लावलंय ना? मग त्यो करंट सगळ्या घरात फिरतोय. बासमध्ये येतोय आन केबलच्या वायरीनं भाईर जातोय. त्येच घुमतंय. ज्यानं कुणी हे पाइपाला लावलं—"

त्याने वर पाहिले. धर्माजीचा चेहरा वजनकाट्यावरचा झाला होता. सोमनाथने उरलेले वाक्य गिळले, पक्कड काढली आणि बासच्या प्लगाची तिसरी, अर्थिंगची जाड पिन कटकन तोडून टाकली. प्लग परत लावला. घुमणे बंद.

"झालं काका!"

खरे काय ते या माणसाला कळत होते, आणि समोरच्याच्या कपाळावर आठी दिसताच त्याने ते खिशात घातले. धर्माजीला ते कळत तरी नव्हते. दोघांत अधिक वाईट कोण, हे मला आजही ठरवता येत नाही.

लंकाबाई दारात उभी होती. "आन माझ्या नळाचं?"

"नळाला काय गाणी लावायचीत व्हय तुला?" धर्माजी म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर खूप वेळ हसला.

संध्याकाळी लंकाबाईने माझ्या घरून मंचरला फोन लावला. "अलका, हिकडं येऊ नको. बाळंतपण निमगाव सावाला, मावशीकडं. म्या बी तिथंच जाते." सकाळी ती पिशवी भरून निघाली. धर्माजी फाटकापर्यंत मागे आला.

"अगं, एवढा बंगला असून लेकीचं बाळंतपण दुसऱ्याच्या दारी? लोकं काय म्हणतील?"

"सांगा लोकांस्नी, बास लई चांगला वाजतोय म्हणून," ती म्हणाली आणि निमगावच्या जीपमध्ये जाऊन बसली.

दोन-तीन दिवस धर्माजीने मोठ्या आवाजात गाणी लावली. घरात धुतलेले भांडे उरले नाही तेव्हा त्याने मोटर लावली आणि अंगणातल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून बोअरजवळचा नळ धरला. मी अंगणात तांदूळ निवडत होते. आधी पातेले पडल्याचा आवाज आला, मग त्याची किंकाळी. मी फाटक उघडून गेले तर तो बोअरपाशी बसून उजवा हात डाव्या हाताने चोळत होता.

"बाई," तो म्हणाला, "पाइपात करंट हाये!"

अमेरिकेचा शोध लावल्यासारखे. मी म्हटले, "वय झालं तुमचं." त्याला टोमणा कळला नाही. टोमणा कळायलाही दुसऱ्याचे बोलणे ऐकावे लागते.

दुसऱ्या दिवशी कुशाबा वायरमन आला. अंगणातली फरशी फुटली, खड्डा झाला, मीठ-कोळसा पडला, पट्टी पुरली गेली आणि पाइपाची वायर सोडवून तिला जोडली गेली. बोअरच्या तोंडाशी मोटरीची केबल घासून सोललेली सापडली, ती बदलली. बासला नवा तीन पिनांचा प्लग बसला. तो घुमला नाही.

धर्माजीने निमगावला निरोप धाडला. लंकाबाई त्यावर विसंबली नाही. एकटी आली, मोटर लावली, पाट बाजूला केला आणि ओल्या उलट्या हाताने आधी नळ, मग फ्रिज, मग मोरीतली तोटी शिवून पाहिली. प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबत होती. मग तिने पाट उचलून माळ्यावर टाकला आणि "आता ये" असा मंचरला फोन करायला माझ्याकडे आली.

अलकाला मुलगी झाली. बारशाला मंचरचे व्याही आले. हॉलमध्ये धर्माजीने त्यांना बास ऐकवला आणि मग अंगणात नेऊन नव्या फरशीचा चौकोन दाखवला.

"आमच्या बासला जरा खरखर व्हती," तो सांगत होता. "मेकॅनिकला बी सापडंना. मग म्या सोता शोधून काढलं, अर्थिंग करायला पायजे. आपल्याला लाइटीचं पयल्यापास्नं कळतंय."

व्याही मान डोलावत होते. अलकाने एकदा आईकडे पाहिले. लंकाबाईने नात उचलली आणि मोरीत न्हाऊ घालायला नेली. बाहेर मोटर चालू होती.