मांजरपाटावरची भावकी

भावकी आहे म्हणून रडणारी माणसं गावोगाव सापडतात. भावकी कमी पडते म्हणून रडणारे उभ्या मराठवाड्यात एकटे आमचे काका होते. गावातली आमची चार घरं त्यांना पुरत नसत. आपल्या आडनावाचा माणूस कुठेही राहत असो, तो आपल्यातूनच फुटून गेलेला आहे आणि त्याला परत आणणं आपलं काम आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. तुमचंही तेच निघालं तर उगाच अडकाल.

काका एस.टी.त कंडक्टर होते. हिंगोलीहून वारंगा फाट्याला जाणाऱ्या गाडीत ते उतारूला आधी आडनाव विचारत आणि मग गाव. आडनाव जुळलं की त्या माणसाची सुटका नसे. देवक कोणतं, कुळाची देवी कोणती, पणजोबाचं नाव काय, सगळं सांगितल्यावरच तिकीट फाटायचं. एकदा कळमनुरीला उतरणारी एक बाई आजेसासऱ्याचं नाव आठवता आठवता आखाडा बाळापूरला पोचली. काकांनी तिला चहा पाजला, परतीच्या गाडीत बसवलं आणि "नाव आठवलं की कार्ड टाका" म्हणून पत्ताही दिला. आठ दिवसांत कार्ड आलं! सुट्टीच्या दिवशी ते टेलिफोनची डिरेक्टरी मांडी घालून पोथीसारखी वाचत. सापडलेला प्रत्येक माणूस एका लांबलचक मांजरपाटाच्या कापडावर चढे. त्यावर काकांनी शाईने वंशावळ काढली होती, आणि धुणं वाळत घालायच्या दोरीवर बहुतेक वेळा तीच टांगलेली असल्यामुळे काकू कायम वैतागलेली असे.

हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती, त्या सुमारास काकांनी बाळापूरजवळच्या एका मंदिरात आडनाववाल्यांचा मेळावा भरवला. माणसं टेम्पो करून आली. आपली कुलदेवी तुळजापूरची की माहूरची, यावरून पहिल्या तासातच बाह्या वर सरकल्या. काका मध्ये पडले. म्हणाले, "बहिणी-बहिणी हायेत त्या. त्या भांडून राहिल्या का? मंग तुमी काहून भांडता?" वाद मिटला आणि पंगती बसल्या.

त्या पंगतीत फाट्याच्या पलीकडून आलेला एक म्हातारा मेंढपाळ होता. सोबत बायको. मूलबाळ नाही, भाऊबंद नाही. त्याला आजोबाचं नाव तेवढं ठाऊक होतं, राणोजी. काका भात वाढता वाढता थांबले. त्यांच्या पणजोबांचा राणोजी नावाचा भाऊ दुष्काळात घर सोडून गेला होता. एवढ्या एका नावावर काकांनी म्हाताऱ्याला चुलता ठरवला आणि त्याच्या पाया पडले. राणोजी नावाचे लोक गावोगाव असतात, हे मी सांगून पाहिलं. मला वरण वाढायला पाठवण्यात आलं. म्हातारा हातातला घास तसाच धरून म्हणाला, "मंग मला बी कोनी हाय म्हणायचं."

पुढच्याच वर्षी काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका वाटून झाल्या, आचारी ठरला, आणि लग्नाला चार दिवस उरले असताना फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन आला. म्हातारा गेला. सात पिढ्यांच्या आतली भावकी, म्हणजे पुरे दहा दिवसांचं सुतक. लग्न होणार कसं?

काकूचा संताप मी तेव्हा पाहिला. "जल्मात एकडाव पाहिलेला माणूस! ढकला त्याला आठव्या पिढीत. मंग तीनच दिवसाचं सुतक. कापड तुमच्या घरचं, शाई तुमच्या हातची!" खरं सांगतो, मलाही ते पटलं. मी पेन आणून दिला. मुलगी कोपऱ्यात रडत होती. वरपक्ष वसमतचा, मोठा मानी. लग्न पुढे ढकललं तर मोडेल, अशी सगळ्यांना धास्ती होती. काकांनी कापड मांडीवर पसरलं, राणोजीच्या फांदीवर बोट ठेवलं आणि पेन मला परत दिला.

"जित्यापनी जवळ घेतलं," ते म्हणाले, "आता मेल्यावर लोटून देऊ काय? माझ्याच्यानं न्हाई होत."

ते फाट्याला गेले आणि आडनाववाले वीस जण जमवून त्यांनी म्हाताऱ्याला खांदा दिला. मला सोबत घेऊन तिथूनच वसमतला गेले, दाराबाहेर उभे राहिले आणि सुतकाचं सगळं सांगून हात जोडले. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या. मेळाव्याची हकिगत ऐकून त्यांचा चेहरा आणखीच आवळला होता. बोलली ती आतून बाहेर आलेली म्हातारी, नवऱ्या मुलाची आजी. "तेरवी होऊ द्या, मंग तारीख काढा. जो मेलेल्याला टाकीत न्हाई, त्याच्या घरची पोरगी आपल्याला बराबर हाय." परतीच्या गाडीत काका पहिल्यांदाच कुणाला आडनाव न विचारता बसून राहिले. डोळे पुसत होते.

लग्न महिन्याने झालं आणि दणक्यात झालं. मेंढपाळाची बायको आली होती, पण मांडवात न येता आचाऱ्यांच्या चुलीमागे उभी होती. नवरा जाऊन महिनाच झालेला. आपली सावली नको, म्हणून. काका तिला शोधत होते, पण सापडली काकूला. काकूने तिचा हात धरला. "तुमी नवरीच्या आजी हाव. आजी अशी चुलीमागं उभी ऱ्हाती काय?" असं म्हणून तिला ओढतच मांडवात आणलं आणि तिच्या मुठीत अक्षता दिल्या.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मेळावे बंद पडले. मांजरपाट माझ्या कपाटात आहे. शाई फिकी पडत चालली आहे, म्हणून मधूनमधून मी ती गिरवतो. राणोजीची फांदी खरंच आमची होती का, हे मला आजही ठाऊक नाही, आणि कोणी तशी शंका काढली तर मला राग येतो.