पहिल्या घंटेला ओ

घंटा एकदाच वाजली की वहिनी उठायच्या. हातातलं लिंबू तसंच ठेवून, ओढणीला हात पुसत, "आले हं!" म्हणत दाराबाहेर. आणि बाहेर, खरं सांगते, कुणीही नसायचं.

नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. इथं अमेरिकेत, आम्ही राहतो त्या चँडलरहून तासाभरावर, वाळवंटातल्या जुन्या हायवेवर एक पेट्रोल पंप आहे. नवा रस्ता दुसरीकडून गेला आणि हा ओस पडला. माझ्या मुलाला जुन्या गाड्यांचं वेड. त्यानं आणि त्याच्यासारख्याच काही हौशी लोकांनी मिळून तो पंप पहिल्यासारखा केला, लाल रंग दिला, वर गोल दिवा लावला. पेट्रोल मात्र नाही. शनिवारी लोक येतात, फोटो काढतात, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या त्यांना सरबत द्यायचो. वहिनी आमच्या शेजारच्या, नवरा गेल्यापासून एकट्या. मुलगाच म्हणाला होता, "आई, काकूंना पण घेऊन चल ना. घरी बसून डिप्रेस होतील."

पंपासमोर जमिनीवर एक काळी रबरी नळी आडवी टाकलेली आहे. गाडीची पुढची चाकं तिच्यावरून गेली की आत घंटा वाजते, टिंग. मागची गेली की परत टिंग. म्हणजे खरी गाडी दोनदा वाजते. एकदाच वाजली तर समजायचं, उन्हानं नळीतली हवा फुगली. "इट्स जस्ट हीट, काकू," सांगून सांगून मुलगा थकला.

वहिनी मान हलवायच्या आणि पुढच्या टिंगला पुन्हा उठायच्या. कोरड्या पंपाशी जाऊन जरा वाकायच्या, गाडीच्या खिडकीशी वाकावं तशा. "बोला, मी आलेय," म्हणायच्या. मग गप्प उभ्या. समोर ऊन असं की डांबर हलताना दिसावं. मी काचेतून बघायचे. बाई बोलत असती तर मला एवढं वाटलं नसतं हो, पण ती ऐकत असायची.

"काय म्हणालं गिऱ्हाईक?" मुलगा चिडवायचा.

"घाईत होतं रे. थांबलं नाही." आणि पुन्हा लिंबू पिळायला सुरुवात.

एका दुपारी धुळीचं वादळ आलं. पंप दिसेना, रस्ता दिसेना, सगळं तपकिरी. आणि घंटा वाजली, एकदाच. वहिनी उठल्या. मी हातच धरला त्यांचा.

"अहो, वेड्या की खुळ्या? या धुळीत कोण येतंय?"

त्या बसल्या, पण नजर दाराकडेच. मग म्हणाल्या, "ताई, माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. आमच्यात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं म्हणतात, आपलं माणूस दोनदा. मला लहानपणापासून तीच सवय. हे नागपूरचे, यांना हसू यायचं. पण माझ्यासाठी म्हणून कायम दोनदा हाक मारायचे. अगं, अगं. लग्नापासून."

बाहेर धूळ काचेवर आपटत होती.

"हे गेले त्या दिवशी गॅरेजमधून हाक एकदाच आली. अगं. मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, दुसरी येऊ दे." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "निवडून झाली सगळी, तरी आली नाही. आता एकही चुकवायची नाही मला. कधीतरी दुसरी मारतीलच ना?"

मी त्यांचा हात सोडला. त्या तोंडाला ओढणी बांधून त्या धुळीत गेल्या. मलाही राहवेना, मागोमाग दारात जाऊन उभी राहिले. तपकिरी धुरळ्यातून फक्त आवाज आला, "बोला, मी आलेय."

पुढे वहिनींच्या लेकीनं त्यांना जर्सी सिटीला नेलं. तिथं विसाव्या मजल्यावर फ्लॅट, खाली गाड्यांचा एवढा गोंगाट. "तिथं मला हाक ऐकू कशी येणार हो?" एवढंच म्हणत होत्या. निघताना माझा हात दाबून म्हणाल्या, "एकदाच वाजली तरी तुम्ही जाल ना? थांबू नका दुसरीसाठी."

"जाईन हो," म्हटलं मी. आणि जात होते. मुलगा बघायचा, पण मला कधी चिडवलं नाही त्यानं.

थंडीत लेकीचा फोन आला. वहिनी झोपेतच गेल्या. "मावशी, आदल्या दिवशी आई खूप खुश होती," एवढं म्हणून ती रडायला लागली.

त्याच्या पुढच्या शनिवारची गोष्ट. पंपावर मी एकटीच होते, मुलगा सामान आणायला गावात गेलेला. ऊन बेताचं, अंगात स्वेटर होता माझ्या. हवा फुगावी असं काहीच नव्हतं. टिंग.

"आले हं," म्हणत मी बाहेर गेले. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा. पंपाशी वाकले आणि वहिनींसारखंच म्हटलं, "बोला, मी आलेय." नळी माझ्या पायाशी सरळ पडलेली. चिटपाखरू नाही, वाराही नाही. थोडी थांबले, मग आत जायला वळले.

आणि माझ्या पाठीमागे दुसरी वाजली.

मी वळून पाहिलं नाही. तशीच उभी राहिले, रस्त्याकडे पाठ करून. म्हटलं, दोघांना निवांत जाऊ दे.