शमूची हरकत

किस्से कोणी गोळा करत नाही हो, ते आपोआप साठतात! घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे. टाकून द्यायला जीव होत नाही आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात. आमच्या बुधवारच्या वर्गाचं तर विचारूच नका. मी सुरुवात केली की बायको म्हणते, "थांबा, आधी दिवे लावू द्या!"

वर्ग म्हणजे पवित्र शास्त्राचा, बायबलचा. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. जालन्यात मस्तगडाजवळ, चर्चच्या बाजूच्या खोलीत, दर बुधवारी संध्याकाळी पाचला आम्ही दहा-बारा जण जमायचो. शिकवायला दानियल मास्तर, हसनाबादच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांना जुन्या काळच्या यहुद्यांचं भारी वेड! त्यांची लग्नं, सुतक, सण, सगळं तोंडपाठ. जणू परवाच तिथल्या एखाद्या लग्नात जेवून आलेत. चहात साखर कमी पडली तरी म्हणायचे, "यहुद्यांत असं न्हाई चालायचं!" त्यांच्या माघारी आम्ही त्यांना यहुदी मास्तरच म्हणायचो.

गंमत अशी, की मास्तर जो रिवाज शिकवायचे तो थोड्याच दिवसांत आमच्यापैकी कोणाच्या तरी घरात शिरायचा. पहिला मान माझा!

* * *

त्या बुधवारी विषय होता नवरीच्या बुरख्याचा. एक तरुण धाकटीसाठी सात वर्षं सासऱ्याकडे राबला, लग्न लागलं आणि सकाळी बघतो तर बुरख्याखाली थोरली! आम्ही पोट धरधरून हसलो. माझं स्वतःचं लग्न महिन्यावर आलेलं. मास्तर म्हणाले, "प्रकाश, जाळी वर करून बराबर बघून घे रे बाबा!"

मी बघितलं की! माझीच होती.

पुढं फोटो धुऊन आले. सगळे ठीक, एक सोडून. त्या एकात जाळीखालचा चेहरा वेगळाच. रुंद कपाळ, हनुवटीवर तीळ. माझ्या बायकोला तीळ नाही. मला वाटलं, फोटो धुताना डाग पडला असेल. सासूबाईंनी तो फोटो खिडकीशी नेला आणि मटकन खालीच बसल्या.

"ही आमची थोरली. तोच तीळ," म्हणाल्या.

थोरली चार वर्षांची असताना गोवरानं गेलेली. माझ्या बायकोच्या जन्माच्याही आधी!

आता बायको घाबरावी की नाही? तिनं फोटो निरखून बघितला आणि मला विचारते, "मंग तुमचं लग्न झालं कोणासंग?"

फोटो अजून आहे. अल्बममध्ये लावायची हिंमत मात्र दोघांनाही झालेली नाही.

* * *

पुढचे सगळे किस्से मार्थाचे.

मार्था आमच्या वर्गातली, पेशानं नर्स. नवरा शमुवेल, म्हणजे सगळ्यांचा शमू, ट्रक चालवायचा. धिप्पाड, उंच, तापट, पण मनाचा मोठा. औरंगाबाद रोडवर अपघात झाला आणि गेला. लग्नाला जेमतेम तीन वर्षं, मूलबाळ नाही. घरात उरली मार्था, तिची सासू आणि शमूचा धाकटा भाऊ आमोस. आमोस टेलर, तोही आमच्याच वर्गात. बुटका, लाजाळू आणि बिनलग्नाचा.

वर्ष उलटल्यावर सासूनंच विषय काढला होता, "आमोस, तूच कर हिच्याशी लग्न." आमोस म्हणाला, "न्हाई. भावाच्या जागी मी कसा बसू?" ही गोष्ट त्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती. मास्तरांनाही नाही.

आणि नेमकं त्या बुधवारी मास्तरांनी काय शिकवावं? यहुद्यांत भाऊ निपुत्रिक गेला तर दिरानं भावजयीशी लग्न करायचं आणि भावाचं नाव चालवायचं. नाही म्हणाला, तर ती सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर त्याच्या पायातला जोडा काढून घेणार! "म्हणजे नवरा-बायकोचा जोडा बी गेला आन पायातला बी गेला!" असं म्हणून मास्तर स्वतःच खो खो हसले.

वर्ग सुटला. दाराबाहेर आमोसची उजवी चप्पल गायब! कोणीतरी चेष्टा केली असेल म्हणून आम्ही हसलो. पुढच्या बुधवारी तो नवी चप्पल घालून आला, उजवी गेली. तिसऱ्या बुधवारी बूट घालून आला. त्यातलाही उजवाच गेला! तिन्ही वेळा मार्था आमच्या डोळ्यांदेखत आत बसलेली.

चौथ्या बुधवारी कबरस्तानाचे राखणदार चाचा पिशवी घेऊन दारात हजर. पिशवीत तिन्ही. शमूच्या कबरीवर सापडलेल्या.

"कुत्र्यानं नेल्या असतील," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "सर, कुत्रं एका लाइनीत लावून ठिवतंय का?"

आमोसचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं आईला होकार दिला.

* * *

सगळे खूश झाले, मार्था सोडून.

मास्तरांनी मग सात भावांची गोष्ट सांगितली. काही लोकांनी प्रभूला कोड्यात पकडायला विचारलं होतं: एका बाईशी सात भावांनी एकामागून एक लग्न केलं आणि सातही मेले; आता पुनरुत्थानाच्या दिवशी, मेलेले उठतील तेव्हा, ती कोणाची? मास्तर म्हणाले, "प्रभूनं सांगितलं, तिथं लग्नच नसतं. मिटला प्रश्न!"

"मास्तर," मार्था म्हणाली, "त्या मेलेल्या भावांला कोणी इचारलं का?"

तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं.

"आमोसभाऊजी चांगले हायेत. मला बी आवडतात, खोटं कशाला बोलू? पन शमू राजी हाय का न्हाई, हे कळल्याबिगर मी उभी न्हाई राहणार. त्याचा राग तुमाला सगळ्यांला ठाऊक हाय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यहुद्यांत अशा वेळी काय करीत होते," ते म्हणाले, "मला म्हाईत न्हाई, पोरी."

असं ते पहिल्यांदाच म्हणाले. मला मार्थाचं फार वाईट वाटलं.

* * *

यहुद्यांत म्हणे मागणी झाली की मुलगा बापाच्या घराला एक खोली जोडायचा आणि खोली झाली की नवरीला न्यायला यायचा. आमोसनं हे मनावर घेतलं. खोली बघून तरी ती हो म्हणेल, ही बिचाऱ्याची आशा! अंतरवाली सराटीचा एक गवंडी आणला, काम सुरू केलं.

मी बघायला गेलो तर दाराची चौकट आमोसच्या डोक्यावर दीड हात.

"एवढं उंच दार कोणासाठी?" आमोस गवंड्यावर भडकला.

"तुमचे मोठे भाऊ आल्ते ना दुपारी! म्हणले, दार उंच करा, माझं डोकं लागून राह्यलं."

आमोस विटांच्या ढिगावर बसला. मार्था आमचा चहा घेऊन आली होती. तिनं कपबशा शांतपणे खाली ठेवल्या आणि गवंड्याला विचारलं, "हसून बोलले का रागानं?"

"ऊन लई होतं बाई," गवंडी म्हणाला. "तोंड काई दिसलं न्हाई."

* * *

शेवटी मार्थानंच तोड काढली. लग्न लावताना पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, हरकत विचारतात. शमूची असेल तर तिथं कळेल. काही झालं, तर ती तशीच माघारी फिरणार आणि जन्मभर तो विषय काढणार नाही. आमोसनं मान डोलावली. दुसरं काय करणार?

सासू मात्र जाम वैतागली. म्हातारी खमकी. भुताखेताचं नाव काढलं की शिव्या घालायची. "येडी का गं तू? मेलेलं मानूस कधी बोलतंय का!"

सकाळी अकराचं लग्न. चर्च भरलेलं. पुढच्या बाकावर म्हातारी एकटी, तिच्या मागच्याच बाकावर मी आणि माझी बायको. पाळकसाहेबांनी पुस्तकातून वर बघितलं. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्याने आत्ताच सांगावे."

पाळकसाहेबांनाही सगळं ठाऊक होतं, ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. मार्था मागे वळून बघत होती. आमोसच्या शर्टाची पाठ घामानं भिजलेली. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात म्हातारीनं मान बाजूला वळवली. रागानं नाही, हळू आवाजात, लेकराला सांगावं तसं म्हणाली, "बस खाली, शमू. लोक बघून राह्यले."

तिच्या शेजारी कोणी नव्हतं.

बाक करकरला. भारी माणूस बसल्यावर करकरतो तसा.

आणि पाळकसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आधीच मार्था म्हणाली, "हो."