हेमराज डंपरवाल्याची नाव

हेमराजने उभी हयात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवला. त्या नोकरीतून त्याला पेन्शन मिळाली आणि एक श्रद्धा मिळाली: कुठल्याही अडचणीवर मोठं इंजिन हाच उपाय. निवृत्त होऊन तो वैनगंगेकाठच्या आपल्या गावी आला. समोरच्या काठावर बायकोचं, रुख्माबाईचं माहेर. ती पुलावरून वळसा घेत ऑटोने जायची. तिला आपल्या नावेतून, तिच्या भावासमोर, थेट माहेरच्या घाटावर उतरवायचं, एवढीच हेमराजची म्हातारपणची महत्त्वाकांक्षा.

नावाडी दुलीचंद ढीमराकडून त्याने सपाट बुडाचा डोंगा घेतला. उथळ पाण्यात, खडकांवरून असा डोंगा निमूट सरकतो.

"याले मोठी मोटर बसन?" हेमराजने विचारलं.

"बसते ना भाऊ! जे लावसान ते बसते." दुलीचंद डोंगा विकत होता, सल्ला नाही.

नागपूरहून स्पीडबोटीची जुनी मोटर आली. सुरू होताच तिच्या वजनाने आणि जोराने डोंग्याची शेपूट पाण्यात बसली आणि नाक आभाळाला लागलं. हेमराजला नदी सोडून सगळं दिसू लागलं. डंपर आधी तोंड वळवतो. नाव आधी शेपूट फेकते. त्यात सपाट बुडाला पाण्यात पकड नाही. डोंगा आडवा घसरत कुणाच्या तरी टरबुजाच्या वाडीत शिरला. हेमराजचा पाय शेवटपर्यंत ब्रेक शोधत होता.

मग त्याने पुढे धानाची पोती ठेवली. नाक खाली आलं, डोंगा सरळ चालला. पण रुख्माबाईने पोती उचलून नेली. बियाणं होतं ते.

माहेरी भाचीच्या, मयुरीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी हेमराज लाडात आला. "रुख्मा, आज नावेनं चाल. समोरची जागा तुयी. इज्जतीची."

"इज्जतीची का पोत्याची?"

हेमराज म्हणाला, "हौ. पण तू बसली त सिधी चालते. नाही त टरबुजात जाते."

संसारभरात त्याने तिची केलेली ही पहिलीच स्तुती. रुख्माबाईने ऑटोवाल्याला परत पाठवलं.

डोंगा खरंच सरळ गेला. घाटावर तिचा भाऊ हिरालाल पाहुण्यांसह उभा. डंपर थांबवावा तशी हेमराजने खटकन मोटर बंद केली. डोंगा थांबला, मागून येणारी त्याचीच लाट थांबली नाही. ती शेपटावरून आत आली. पुढे बसलेली रुख्माबाई नव्या लुगड्यात कोरडी घाटावर उतरली. हेमराज मागे कमरेपर्यंत पाण्यात.

"जवाईबापू," हिरालाल म्हणाला, "आंघोळ करून नव्हते आले काय?"

पाहुणे हसले. रुख्माबाई नाही हसली. "मले त कोरडं उतरवलं न त्याइनं? दादा, घरात वल्हं असन त काढून ठेव. वापस मी नावेनंच जाईन."

मोटर हिरालालच्या पडवीत राहिली. तिच्यावर सध्या कोंबड्या बसतात.

परतताना हेमराज वल्हवत होता. मोटर नव्हती, पुढे वजनाची गरजही नव्हती. रुख्माबाई तरी पुढेच बसली.

"जरा हळू चालवा," ती म्हणाली.