वला पर्वत आणि माझ्या बिबड्या

मागच्या महिन्यात गच्चीवर बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, घालत होते. जळगावचं ऊन, त्यात एकटीचे दोनच हात... पूर्वी अर्धी गल्ली जमायची. आता सगळ्यांच्या बिबड्या दुकानातून येतात.

आमचे मालक वारले, मुलगा पुण्याला. वरची खोली दोंडाईच्याच्या एका पोरीला दिलीय, कॉलेजात भूगोल शिकते. तिचं-माझं रोज वाजायचं... नळ उघडा, लाईट चालू.

त्या दिवशी ती पुस्तक घेऊन फेऱ्या मारत होती. "वली पर्वत... वली पर्वत..." माझं डोकं उठलं. आमच्याकडे वली म्हणजे ओली. म्हटलं, "वली काय गं? पर्वत वला म्हण. आणि डोंगर ओला कसा?"

ती हसत हसत खाली बसली, नेमकी बिबड्यांवर! "काकू, बठ्ठं वाया गयं!"

"ऊठ आधी!"

मग तिने सांगितलं, वली म्हणजे घडी, सुरकुती. पूर्वीचे विद्वान म्हणायचे, पृथ्वी आधी तापलेली होती. ती गार होत आकसली, वर सुरकुत्या पडल्या, तेच डोंगर. मी वाळलेली बिबडी उचलून दाखवली... अशीच ना? मला लगेच पटलं.

"पण ते चुकीचं निघालं काकू. जमिनीचे मोठे तुकडे सरकतात, एकमेकांना भिडतात. मधलं वर उचललं जातं. हिमालय अजून वाढतोय."

सातपुड्याचं विचारलं, तर त्याचं म्हणे वेगळंच. मी वैतागले. एकदाच काय ते नीट ठरवायचं ना!

परीक्षा झाली, ती बॅग घेऊन निघाली. परत येशील का, एवढंच विचारायचं होतं... तोंडातून निघालं, "नळ बंद केलास का?"

नंतर घर नुसतं गप्प. नळ बंद, लाईट बंद, ओरडायला कोणी नाही. मला तर ते जुनंच खरं वाटायला लागलं... गार होत जायचं, आकसत जायचं.

काल तिचा फोन आला. "काकू, सुट्टी संपली की येते. खोली कोणाला देऊ नका हां! आणि तो वला पर्वत पेपरात आला होता, मला तिथंच हसू फुटलं."

म्हटलं, "नळ बंद ठेवणार असशील तर ये."

फोन ठेवला आणि तिच्यासाठी बिबड्यांचा डबा वेगळा काढला. ती बसली होती त्या मोडक्यासुद्धा.

घरात भिडणारं कोणीतरी पाहिजे बुवा... नुसतं वाळून डोंगर होत नाही.