बंड्याचं पान

आखातात, अल् खुवैरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे पुण्याचे गृहस्थ अंडंसुद्धा खात नसत. आमच्याकडे मटण शिजत असलं की दारातूनच बोलत, पाणीही घेत नसत. आणि त्यांचा कुत्रा बंड्या मात्र कच्च्या मांसावर पोसलेला!

दर शुक्रवारी सकाळी ते हमरियाच्या बाजारात खाटकाकडे जात. "भाई, ये कलेजी कल की है, आज की दो," असं नुसत्या रंगावरून सांगत. घरी स्टोअररूममध्ये बंड्यासाठी वेगळा फ्रीज, वेगळी सुरी, वेगळा वजनकाटा. मांस, हाडं, कलेजी, सगळं ग्रॅमवर. कलेजी जास्त भरली तर नखाएवढा तुकडा परत काढत. मग "यल्ला, चल लवकर, बंड्याचं पान वाढलंय!" अशी हाक देऊन आंघोळीला पळत.

एकदा ते दारात बोलत उभे असताना बंड्या आमच्या स्वयंपाकघरात शिरला. मी कौतुकानं त्याला रश्श्यातलं हाड घातलं. गृहस्थ चपलांसकट आत धावले आणि त्याच्या जबड्यात हात घालून त्यांनी हाड ओढून काढलं.

"वहिनी, शिजवलेलं हाड तुटून घशात टोचतं! द्यायचं तर कच्चंच."

त्यांच्या मनगटावरून आमचा रस्सा ओघळत होता. मला वाटलं, संपलं, आता हे आमच्या दारातही उभे राहणार नाहीत. त्यांनी मात्र ते हाड उजेडात धरून नीट न्याहाळलं.

"बोकड जून होता, वहिनी. येत्या शुक्रवारी माझ्याबरोबर चला."